जावयांच्या कॉम्प्युटरची शर्यत

आमच्या आईने आयुष्यात दोनच कॉम्प्युटर बंद पाडले, आणि ते दोन्ही एकाच दुपारी. त्यातला एकही आमचा नव्हता. एक थोरल्या जावयाच्या कारखान्याचा होता, दुसरा धाकट्या जावयाच्या कंपनीचा. आणि ते दोन्ही एकाच वेळी आमच्या कर्जतच्या घरात आणून ठेवायची अक्कल ज्याची, तो मी. (‘अक्कल’ हा शब्द आमच्या अण्णांचा. त्याच्या आधी त्यांनी एक विशेषणही लावलं होतं, ते इथे छापता येणार नाही.)

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मी बी.कॉम. होऊन, वर दादरला कॉम्प्युटरचा कोर्स करून घरी परतलो होतो. त्या कोर्समध्ये आम्हाला कॉम्प्युटर बराच वेळ काचेतून दाखवत आणि थोडा वेळ हात लावू देत. तेवढ्या भांडवलावर मी गावात कॉम्प्युटर क्लास काढायचं ठरवलं. जागाही हेरून ठेवली होती: आमची रस्त्याकडची पडवी. माझी खात्री होती की त्या पडवीचा जन्म कॉम्प्युटर क्लाससाठीच झाला आहे. आईची तितकीच खात्री होती की तो पिठाच्या गिरणीसाठी झाला आहे.

“गिरणी घातली तर घरचं दळण तरी होईल,” आई म्हणायची. “तुज्या क्लासातून घरात काय येनार?”

“ज्ञान येईल, आई!”

“त्याची भाकरी होती का?”

पडवीचा निकाल अण्णांच्या हातात होता. अण्णा रेल्वेतून निवृत्त झालेले. कर्जतहून वर जाणाऱ्या गाड्यांना घाटात मागून रेटणारी इंजिनं असतात ना, त्यांच्यावर त्यांची सगळी नोकरी गेली. त्यामुळे जगातल्या कुठल्याही यंत्राकडे ते एकाच नजरेने बघत: हे खंडाळ्यापर्यंत चढेल का? आईच्या शिवणयंत्राकडेसुद्धा ते असेच बघत, आणि त्यांच्या मते ते पळसदरीलाच, म्हणजे घाटाच्या पायथ्याशीच, बसलं असतं.

“यंत्र कुठलं घेनार?” अण्णांनी विचारलं.

“दोन तऱ्हा आहेत, अण्णा. एक टेबलावर ठेवायचा मोठा, आणि एक उचलून कुठेही नेता येईल असा.”

“त्यातला दमदार कुठला?”

इथे मी ‘मोठा’ एवढंच म्हणून गप्प बसलो असतो तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण कोर्समधलं ज्ञान आतून ढुशा देत होतं. मी म्हणालो, “ते प्रोसेसरवर अवलंबून असतं.”

“म्हंजे?”

“म्हणजे कॉम्प्युटरचा मेंदू.”

“अस्सं,” अण्णा म्हणाले. “आन् तुज्यात कुठला बसवलाय?”

शेवटी अण्णांनी अट घातली. दोन्ही यंत्रं त्यांच्या डोळ्यांसमोर चालली पाहिजेत. जे दमदार निघेल ते मी घ्यायचं आणि पडवी माझी. नाहीतर गिरणीवाला माप घ्यायला येणार. त्याच्याशी आईचं बोलणंही होऊन गेलं होतं! मी क्लास काढतोय हे मी स्टेशनापासून बाजारपेठेपर्यंत सगळ्यांना सांगून बसलो होतो. आता त्याच पडवीत कमरेला फडकं बांधून पिठाने पांढरा झालेला मी मला दिसायला लागलो.

आणि तेवढ्यात मला जावई आठवले. आमचे थोरले जावई रामभाऊजी खालापूरकडच्या एका कारखान्यात कॉम्प्युटर विभागाचे प्रमुख होते. (त्या विभागात कॉम्प्युटर एक, माणूस एक. पण प्रमुख ते प्रमुख!) धाकटे विलासभाऊजी ठाण्याला राहत आणि त्यांच्या कंपनीने त्यांना फिरतीसाठी उचलून न्यायचा कॉम्प्युटर दिला होता. शिवाय तो अधिक महिना होता, म्हणजे धोंड्याचा. दोघांनाही जेवायला आणि वाण घ्यायला बोलावलेलंच होतं. मी दोघांना निरोप धाडला, येताना मशीन घेऊन या. थोरल्यांना कळवलं, ‘भाऊजी, तुमच्यापुढे त्यांचं काय टिकणार!’ आणि धाकट्यांनाही अक्षरशः तेच कळवलं.

आता धोंड्याच्या महिन्यात जावई म्हणजे साक्षात नारायण, हे मी सांगायला नको. आमची आई तर या बाबतीत फार कडक. दोन्ही नारायणांना सगळं सारखं मिळालं पाहिजे. एकाच्या वाटीत तूप जरा जास्त पडलं तर ती दुसऱ्याची वाटी शेजारी ठेवून, खाली वाकून, एका डोळ्याने पातळी बघायची. अशा महिन्यात, अशा सासूच्या घरात, मी अशी शर्यत लावली होती की दोघांतला एक नारायण हरलाच पाहिजे. हे माझ्या तेव्हा लक्षातच आलं नाही.

त्या रविवारी सकाळी रामभाऊजी टेंपोतून आले. टेंपोत खाली गादी, वर गादी, बाजूंनी उशा, मधे कॉम्प्युटर आणि त्याला मिठी मारून रामभाऊजी.

“आन् ताई कुठं हाय?” आईने विचारलं. ताई म्हणजे माझी थोरली बहीण.

“ती येष्टीनं येतेय. टेंपोत जागा नव्हती.”

मागोमाग स्टेशनावरून टांगा आला. विलासभाऊजी मांडीवर एक जाडजूड पेटी घेऊन उतरले. त्यांच्या मागे माझी धाकटी बहीण बेबी, दोन्ही हातांत सामान आणि काखेत छत्री घेऊन.

“ह्याला लॅपटॉप म्हणतात, आई,” विलासभाऊजी म्हणाले. “मांडीवर ठेवायचा.”

“मांडीवर ठेवायला आता दुसरं कायतरी आना,” आई म्हणाली. बेबी छत्रीसकट आत पळाली.

“आणि माझ्याला वर्कस्टेशन म्हणतात,” रामभाऊजींनी लगेच सांगितलं. “कारखान्यात ह्याला स्वतःची थंडगार खोली आहे. चपला बाहेर काढून आत जावं लागतं. साहेबांना दुरुस्तीला नेतो असं सांगून आणलाय. उद्या सकाळी जागेवर नसला तर माझी नोकरी गेली म्हणून समजा!”

अण्णा दोन्ही यंत्रांभोवती एक फेरी मारून आले. मग त्यांनी विचारलं, “आत काय बसवलंय?”

“टू एटी सिक्स,” रामभाऊजी छाती काढून म्हणाले.

“म्हणजे दोनशे शहाऐंशी,” मी आईसाठी मराठीत सांगितलं.

“माझ्यात एटी एटी सिक्स,” विलासभाऊजी म्हणाले.

“म्हणजे आठ हजार शहाऐंशी.”

“अगं बाई! आठ हजार?” आईने थोरल्या जावयाकडे फार कनवाळूपणे पाहिलं. “आन् ह्यांचं नुसतं दोनशे?” आणि ती आत जाऊन त्यांच्या बशीत एक जादा लाडू घालून आली.

रामभाऊजींचा चेहरा पडला. “अहो आई, तसं नाही. माझंच मोठं! ह्याचं पूर्ण नाव ऐंशी हजार दोनशे शहाऐंशी. आपलं लाडानं टू एटी सिक्स म्हणतात.”

“ऐंशी हजार!” म्हणून आई पुन्हा आत गेली आणि आता धाकट्या जावयाच्या बशीत दोन लाडू घालून आली. मग थोरल्यांना एक कमी पडला म्हणून तिसऱ्यांदा गेली. शर्यत सुरू व्हायच्या आधीच दोन्ही स्पर्धकांच्या मालकांना ढेकर यायला लागले होते.

पडवीत दोन टेबलं मांडली. दोन्ही कॉम्प्युटरवर एकच प्रोग्रॅम घातला. अण्णांनी ट्रंकेतून जुनी हिरवी झेंडी काढली. पंच अर्थातच मी.

“हे करनार काय, ते तरी सांगा,” अण्णा म्हणाले.

“मूळ संख्या शोधणार.”

“कुनाच्या हरवल्यात?”

मी ‘तयार!’ म्हणून ओरडलो. अण्णांनी झेंडी दाखवली. दोन्ही जावयांनी एकदम बटणं दाबली. पडद्यांवर आकडे पळायला लागले आणि मी त्यांच्याकडे इतका टक लावून बसलो की हातातल्या घड्याळाकडे बघायचं राहूनच गेलं. पण घड्याळाची गरजच पडली नाही. रामभाऊजींच्या वर्कस्टेशनने ‘टिट्’ करून काम संपवलं तेव्हा विलासभाऊजींचा लॅपटॉप अजून वाटेतच होता. रामभाऊजींनी तेवढ्यात पान जमवलं, खाल्लं, बाहेर जाऊन थुंकून आले, आणि मग लॅपटॉपचं ‘टिट्’ झालं.

“थोरल्यांचं जिंकलं!” मी जाहीर केलं.

एवढ्या आनंदात जाहीर करायला नको होतं. विलासभाऊजींनी पेटीचं झाकण लावलं. चहा आला तो ‘नको’ म्हणाले. लाडू तर त्यांनी बशीसकट बाजूला सारले. बेबीने दाराआडून माझ्याकडे असं काही बघितलं की मी घड्याळ खिशात घातलं. तेवढ्यात आईने मला बखोटीला धरून स्वयंपाकघरात नेलं.

“काय रं मेल्या! धोंड्याच्या महिन्यात जावई हरवतोस?”

“मी कुठे हरवला? प्रोसेसरने हरवला.”

“कोन तो? आनि त्याला घरात घेतला कुनी?” आईने पदर खोचला. “परत लाव. आता धाकट्यांचं पयलं येऊ दे.”

“असं ठरवून येत नसतं, आई!”

“बघते मी कसं येत नाय ते.”

दुसरी शर्यत सुरू झाली. वर्कस्टेशन पुन्हा सुसाट सुटलं. रामभाऊजी पानाचा डबा उघडतात न उघडतात तोच खट् झालं आणि लाईट गेली! वर्कस्टेशनचा पडदा काळा ठिक्कर पडला. लॅपटॉप मात्र बॅटरीवर आपला टुकुटुकु चाललेलाच. विलासभाऊजींनी चुटकी वाजवली, सकाळपासून पहिल्यांदाच हसले आणि यथावकाश त्यांचं ‘टिट्’ झालं.

“लाईट कशी काय गेली?” अण्णा म्हणाले. “शेजारचा रेडिओ तर वाजतोय.”

खरंच, शेजारच्या घरातून शेतकऱ्यांसाठीचा कार्यक्रम खणखणीत ऐकू येत होता. आम्ही सगळ्यांनी मेन स्विचकडे पाहिलं. त्याच्या बरोबर पुढे आई उभी होती, एक हात पाठीमागे घेऊन.

“त्यांची लाईट उशिरा जाती,” आई म्हणाली.

आता रामभाऊजी बिथरले. “बॅटरीवर चालणं म्हणजे कुबड्यांवर चालणं! मर्द असेल त्याने विजेवर यावं!” असं म्हणून त्यांनी गादी गुंडाळायला घेतली. टेंपोवाल्याला हाक मारली. तेवढ्यात ताई येष्टीने येऊन पोचली. तिने अंगणातूनच नवऱ्याचा चेहरा बघितला आणि चपला काढायच्या आधी मला विचारलं, “मोहन, लहानपणी तुला कडेवर घेऊन मी कडावच्या जत्रेत फिरवला, तो ह्याच्यासाठी?”

म्हणजे आता एका दुपारात दोन्ही नारायण रुसले होते, दोन्ही बहिणी माझ्यावर दात खाऊन होत्या आणि पडवी मला एका अंगाने गिरणीसारखी दिसायला लागली होती. शेवटी अण्णा खाकरले.

“तुमी दोगं बी चुकता,” ते म्हणाले. “मोकळं इंजिन सपाटीवर कोन बी पळवंल. त्याच्यात काय हाय? मागं डबे लावा, घाटात घाला, आन् मंग बघा. येकच काम द्या, पन डोंगराएवढं द्या. आमी जेवून उठेपर्यंत चालू दे. जे टिकंल ते खरं यंत्र.”

हे दोघांनाही पटलं. लॅपटॉपची बॅटरी एव्हाना संपलेलीच होती, त्यामुळे तोही विजेवर आला. रामभाऊजींची गादी पुन्हा उलगडली. संख्या एवढी मोठी घातली की ती वाचताना मी मधेच दम घेतला. ज्याचं काम आधी संपेल तो ‘टिट्’ करणार होता. अण्णांनी झेंडी दाखवली, आईकडून मेन स्विचला हात न लावण्याची शपथ घेतली आणि आम्ही आत जेवायला बसलो.

पानात पुरणाचे धोंडे होते, वर कढवलेलं तूप होतं, पण दोन्ही जावयांचं लक्ष सगळं कानात! आत भांड्यात झारा आपटला, दोघे ताठ झाले. अण्णांना उचकी लागली, दोघे अर्धे उठले. तेवढ्यात स्टेशनच्या यार्डात एका इंजिनाने शिट्टी घातली आणि विलासभाऊजी तोंडातल्या धोंड्यासकट दारापर्यंत जाऊन परत आले.

“वाढ गं त्यांना,” अण्णा म्हणाले.

“आई कुठे आहे?” बेबीने विचारलं.

“वाण द्यायला गेली असंल देवापाशी.”

पडवीकडून घंटा वाजल्याचा आवाज येत होता. आमचा देव आतल्या खोलीत असतो, ही गोष्ट त्या वेळी एकाच्याही डोक्यात आली नाही. माझ्या तर नाहीच. मी त्या वेळी मनातल्या मनात क्लासच्या पाटीवर कुठला रंग द्यायचा ते ठरवत होतो.

मग वास आला. तूप खरपूस भाजल्याचा, फारच छान वास.

“काय तळतायत?” रामभाऊजींनी विचारलं.

“काही नाही. अनारसे सकाळीच झाले,” ताई म्हणाली.

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि एकदम उठलो. पळताना अण्णांचा पाय माझ्या ताटात पडला. पडवीच्या दारात आम्ही सगळे एकावर एक आदळून थांबलो.

वर्कस्टेशनच्या डोक्यावर पांढरी टोपी होती. पाठीवर, म्हणजे जिथून त्याची गरम हवा बाहेर पडते बरोबर तिथे, नवाकोरा टॉवेल पांघरलेला होता. पडद्यावर मधोमध कुंकवाचा ठसठशीत टिळा. त्याच्या पेटीवर तांब्याचं तबक, तबकात तुपातले अनारसे आणि त्यावर पेटलेलं निरांजन. ऊन झालेल्या पेटीवर अनारशांचं तूप पातळ होऊन, तबकाच्या काठावरून निवांतपणे फटींमधून आत चाललं होतं. शेजारी लॅपटॉप. त्यालाही टोपी, त्यालाही टॉवेल, त्यालाही टिळा, तबक, निरांजन. दोघांच्या कळांवर आणि फ्लॉपी घालायच्या फटीत भरघोस अक्षता. आणि दोघांच्या मधे, हातात घंटा घेऊन, अत्यंत समाधानी अशी आमची आई!

“जावयाचं यंत्र म्हंजे जावईच की,” ती म्हणाली. “तुमच्यासाठी बिचारी उपाशीपोटी राबतायत. दोगांनाबी सारकं केलंय हां! येक अक्षत इकडं जास्त नाय की तिकडं जास्त नाय.”

रामभाऊजींनी टॉवेल ओढला. आतून गरम वाफ आली आणि पडदा ‘फुस्’ करून मावळला. विलासभाऊजींनी टोपी उचलली. त्यांचाही पडदा केव्हाचाच गेला होता. दोन्ही यंत्रं ठार!

“आई,” विलासभाऊजींनी विचारलं, “मघाशी कोणाचं टिट् झालं का हो?”

“झालं की. घंटा वाजवत होते तवाच येकजन वराडलं.”

“कोण?” दोन्ही जावई एका सुरात ओरडले.

आईने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. “मी नाय सांगनार,” ती म्हणाली. “धोंड्याचा महिना हाय.”

(तिने नंतरही कधीच सांगितलं नाही. मी विचारून पाहिलं, अण्णांनी दरडावून पाहिलं. टू एटी सिक्स आणि एटी एटी सिक्स यांच्यात भार ओढण्यात कोण सरस, याचं उत्तर माहीत असलेली आमच्या घरातली एकमेव व्यक्ती आमची आई होती.)

रामभाऊजी मटकन गादीवर बसले. “उद्या सकाळी साहेब,” एवढंच बोलले. ताईच्या डोळ्यांत पाणी आलं. बेबी नवऱ्याच्या शर्टाची बाही धरून उभी राहिली. खरं सांगतो, मला तेव्हा हसू आलं नव्हतं. दोन बहिणींचे दोन संसार माझ्या एका पडवीपायी उघड्यावर येणार, असं मला वाटायला लागलं. आई तर पारच घाबरली. तिने घंटा खाली ठेवली आणि ती देवाला नव्हे, दोन्ही यंत्रांना नमस्कार करत बसली.

मग विलासभाऊजी उठले. त्यांनी बाह्या सरसावल्या आणि म्हणाले, “रामभाऊ, स्क्रूड्रायव्हर आहे?”

रामभाऊजींनी मान वर केली. “आहे, विलासराव.”

सकाळपासून ते दोघे एकमेकांशी थेट बोलले ते हे पहिलंच. पुढचं सगळं मी डोळ्यांनी पाहिलं म्हणून विश्वास ठेवतो. दोन्ही साडू पडवीत मांडी घालून बसले. पेट्या उघडल्या. अण्णांचा दाढीचा ब्रश, ताईचे केसांचे आकडे, आईच्या वातींचा कापूस आणि शेजारच्या कंपाउंडरकडून मागून आणलेलं स्पिरिट एवढ्या सामानावर शस्त्रक्रिया सुरू झाली. एकेक अक्षत आकड्याने बाहेर यायला लागली. मीही मदतीला पुढे झालो आणि लॅपटॉपवर जोरात फुंकर मारली. सगळं कुंकू विलासभाऊजींच्या पांढऱ्या शर्टावर गेलं! तेव्हापासून माझ्याकडे फक्त हातपंखा देण्यात आला.

“रामभाऊ, काय सुरेख बोर्ड आहे हो तुमचा!”

“तुमचं काय कमी आहे? एवढ्याशा जागेत एवढं सगळं बसवलंय, कमाल आहे! आमच्याने नसतं झालं बुवा.”

“पण वेग तुमचाच.”

“वेगाला काय करायचंय? तुम्ही झाडाखाली बसून काम करू शकता. मी आहे त्या थंड खोलीत जन्मभर!”

उन्हं उतरेपर्यंत हे असं चाललं होतं. मी पंख्याने वारा घालत दोघांची एकमेकांवरची स्तुतिसुमनं ऐकत होतो. अखेर सगळं पुसून, वाळवून, जागच्या जागी बसवून रामभाऊजींनी डोळे मिटून बटण दाबलं. टिट्! वर्कस्टेशनचा पडदा उजळला. जरा वेळाने लॅपटॉपही कुरकुरत जागा झाला. त्याच्यातून तुपाचा वास मात्र कायमचा येत राहिला. (कंपनीत विलासभाऊजींना पुढे कितीतरी दिवस लोक विचारत, ‘आज डब्यात काय?’)

आईने दोघांवरून मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या. “नारायण पावले,” ती डोळे पुसत म्हणाली. “मागा. आज जे मागाल ते देते. सासू नाय म्हननार नाय.”

दोन्ही साडूंनी एकमेकांच्या कानात काहीतरी कुजबुज केली. मग रामभाऊजी म्हणाले, “आई, पडवी मोहनला द्या.”

माझा माझ्या कानांवर विश्वास बसेना. मी दोघांच्या पाया पडायला वाकलो.

“राहू दे, राहू दे,” विलासभाऊजी म्हणाले. “तुझ्यासाठी नाही मागितली. तुझं स्वतःचं मशीन आलं म्हणजे आमची पुन्हा मागवणार नाहीस, म्हणून.”

आईने एकदा पडवीकडे पाहिलं, एकदा मनातल्या गिरणीकडे पाहिलं आणि सुस्कारा सोडला. शब्द दिला होता. “घे मेल्या,” ती म्हणाली.

“पडवी दिली,” अण्णाही म्हणाले. “आता सांग. कुठलं घेनार?”

मला उत्तर केव्हाच कळलं होतं. क्लास कुठे उचलून न्यायचा नव्हता, म्हणजे टेबलावरचाच. मी ते सांगायला तोंड उघडलं आणि विलासभाऊजींच्या मागे उभ्या असलेल्या आईने ‘नको, नको’ अशी जोरजोरात मान हलवली. पुढे तिने मला स्वयंपाकघरात समजावलं. थोरल्यांसारखं घेतलं तर धाकट्यांचा मान गेला. धाकट्यांसारखं घेतलं तर थोरल्यांचा. दोन्ही घ्यायची माझी ऐपत नव्हती. मी भीत भीत म्हणालो, “मग तिसऱ्याच जातीचा घेतो.”

“म्हंजे दोगांचाबी अपमान!” आई म्हणाली.

महिना संपला, तरी ती हटेना. जावई बाराही महिने जावईच, असं तिचं म्हणणं पडलं. तेव्हा त्या पडवीत क्लास निघाला खरा, पण तो टायपिंगचा. ज्या यंत्रात प्रोसेसरच नाही, त्याच्यावरून कोण कोणाशी भांडणार?

उद्घाटनाला दोन्ही जावई आले. हार झाले, पेढे झाले. मग रामभाऊजी सहज म्हणून एका टाइपरायटरपुढे बसले. विलासभाऊजी सहज म्हणून दुसऱ्यापुढे बसले. दोघांनी एकमेकांकडे तिरक्या नजरेने पाहिलं आणि पुढच्या क्षणाला पडवीत नुसता कडकडाट! कोण पुढे, कोण मागे काही कळेना. ताई ओरडतेय, बेबी ओरडतेय, अण्णा झेंडी शोधतायत. मी शहाणा होऊन एका खांबाला टेकून उभा राहिलो. आता काही झालं तरी पंच व्हायचं नाही!

“थांबा!” आई मधे पडली. “मी सांगते निकाल. दोनी जावई पयले.”

“असं कसं, आई?” मी म्हणालो. “दोघे पहिले, मग हरलं कोण? कुणीतरी हरायला नको का?”

आईला ते पटलं. तिने क्षणभर विचार केला, मला दंडाला धरलं आणि तिसऱ्या टाइपरायटरपुढे नेऊन बसवलं. मग सगळ्यांच्या समाधानासाठी पुन्हा रीतसर शर्यत झाली. क्लासचा मालक मी, चालक मी, शिकवणारा मी आणि तिघांत शेवटचाही मीच! आमच्या घरात यंत्रांवरून झालेल्या सगळ्या शर्यतींत हा एकच निकाल असा, की त्याविरुद्ध कोणीही, अगदी माझ्या बहिणींनीसुद्धा, तक्रार केली नाही.